आंबले म्हणजे कुजले नव्हे

गेल्या मे महिन्यात काही कामानिमित्त आम्ही पंढरपूर तालुक्यातील करकंबला गेलो होतो. ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या परसात, न्हाणीच्या भिंतीलगत सावलीला, घट्ट झाकणाची एक प्लॅस्टिकची बादली होती. तिला तळाशी तोटी बसवलेली होती. घरातील सूनबाई माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. भाज्यांची देठे, साली, चहाचा चोथा रोज त्या बादलीत टाकायचा, वर 'कल्चर' लावलेला मूठभर कोंडा भुरभुरायचा, दाबायचे आणि झाकण लावायचे, असा त्यांचा क्रम चालू होता. कल्चरच्या पाकिटावर पंधरा दिवसांत खत तयार होईल असे आश्वासन छापलेले होते. पंधरा दिवस उलटले होते. त्यांनी झाकण उघडले. मुरत घातलेल्या लोणच्यासारखा आंबूस वास आला. दुधीची साल दुधीच्या सालीसारखीच दिसत होती, केळ्याची साल तेवढी काळवंडली होती.

"तुम्ही प्रयोगशाळेतली माणसं, तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या, "हे खत झालं का? आणि शाळेत हा उपक्रम घ्यायचा तर पाकिटासाठी मुलांकडून वर्गणी काढू का?"

दोन्ही प्रश्न साधे आहेत, पण त्यांची उत्तरे एका वाक्यात देण्यासारखी नाहीत. अशा बादल्या आज अनेक घरांत आणि शाळांत आहेत. त्यांच्याविषयी जे सांगितले जाते त्यातले काही खरे आहे, काही अर्धवट आहे आणि काही तपासलेलेच नाही. हे तिन्ही वेगळे करून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

तीन क्रियापदे

मराठी स्वयंपाकघरात यासाठी तीन वेगळी क्रियापदे आहेत. इडलीचे पीठ आंबते, विसरलेली भाजी सडते आणि उकिरड्यातले पाचट कुजते. कोणतीही गृहिणी यांत गल्लत करीत नाही. पाकिटे छापणारे मात्र ती करतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने या तीन अगदी निराळ्या क्रिया आहेत.

आंबण्याची क्रिया हवेवाचून चालते. शुद्ध स्वरूपात पाहिले तर साखरेच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू होतात. साखरेत कार्बनचे सहा अणू असतात आणि आम्लाच्या दोन रेणूंत मिळून सहाच असतात. म्हणजे कार्बन हवेत जात नाही आणि उष्णताही नगण्य निघते. आम्ल साचत जाते, सामू चारच्या आसपास उतरतो आणि त्या आंबटपणात सडवणाऱ्या जीवाणूंचे काही चालत नाही. लोणचे वर्षभर टिकते ते अंशतः याच कारणाने. हवा नाही आणि पुरेसे आम्लही झाले नाही, तर मात्र पदार्थ सडतो. प्रथिने फुटून अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड असे वायू सुटतात आणि शेजारी तक्रार घेऊन येतात.

कुजण्याला हवा लागते. १८० ग्रॅम ग्लुकोज १९२ ग्रॅम ऑक्सिजनच्या साहाय्याने पूर्ण कुजले, तर २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १०८ ग्रॅम पाणी होते. सुमारे २,८०० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने दहा लिटर पाण्याचे तापमान साठ अंशांहून अधिक वाढेल. मोठा ढीग आतून ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो तो यामुळेच. त्या तापमानात तणांचे बी आणि रोगजंतू बरेचसे मरतात. शेवटी उरतो तो मातकट वासाचा, मूळ पदार्थ ओळखू न येणारा भुगा. त्याला आपण खत म्हणतो.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: करकंबच्या बादलीत खत झालेले नव्हते, लोणचे झाले होते. ते उत्तम झाले होते, यात शंका नाही. पण लोणचे ही टिकवण्याची क्रिया आहे, कुजवण्याची नव्हे. हा माल मातीत पुरल्यावर तिथे हवा मिळते आणि मग तो कुजतो. पाकिटावरील पंधरा दिवसांत हे पुढचे दिवस धरलेले नाहीत.

टाक्याची भोके

हवेचे हे महत्त्व आपल्याकडे नव्याने कळलेले नाही. इंदूर येथे १९२४ साली स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण आणि मूत्राची माती यांचे थर रचून, ते ठरावीक काळाने वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ साली दोघांच्या नावे त्यावरचे पुस्तक निघाले. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली गेली. हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र घेतले जाते, वाड यांचे क्वचितच. शिक्षकांनी वर्गात सांगताना दोन्ही नावे सांगावीत.

ढीग वरखाली करणे हे कष्टाचे काम आहे. ते वाचवण्याची युक्ती यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते नारायणराव पांढरीपांडे यांनी काढली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून प्रसिद्ध झाली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे टाके बांधायचे आणि भिंतीत जागोजागी विटांएवढी भोके सोडायची. हवा भोकांतून आत जाते आणि ढीग वरखाली करावा लागत नाही. आमच्या मते साध्या विटांत बांधलेले हे उत्तम विज्ञान आहे. गावाकडे मात्र भोके गवंड्याची चूक समजून लिंपून टाकलेली टाकी आम्ही पाहिली आहेत. लिंपलेले नाडेप म्हणजे विटांची बादलीच.

नाडेपचे आम्हाला कौतुक आहे म्हणून त्याचा हिशेब तपासायचा नाही, असे मात्र नाही. एका टाक्यात साधारण १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण आणि सुमारे १,७५० किलो माती भरायची आणि तीन-चार महिन्यांनी तीन टनांच्या आसपास खत निघते, असे सांगतात. पण माती कुजत नाही. ती जेवढी आत गेली तेवढीच बाहेर येते. म्हणजे त्या तीन टनांत निम्म्याहून अधिक वजन मातीचेच असते. खत चांगलेच असते, फक्त 'तीन टन' हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. दहावीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे.

बादलीची वंशावळ

बंद बादलीची कल्पना जपानची. कोंडा, पेंड वगैरे आंबवून ते शेतात घालण्याची तिथल्या शेतकऱ्यांची जुनी रीत आहे. तिला बोकाशी म्हणतात. ओकिनावा येथील र्‍युक्यू विद्यापीठातील उद्यानविद्येचे प्राध्यापक तेरुओ हिगा यांनी १९८० च्या दशकात लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू, किण्व आणि प्रकाशसंश्लेषी जीवाणू यांचे एक मिश्रण 'प्रभावी सूक्ष्मजीव' या अर्थाच्या नावाने पुढे आणले आणि बोकाशीला त्याची जोड मिळाली. आज आपल्याकडे विकली जाणारी बरीच कल्चरे याच कल्पनेची भावंडे आहेत.

दावा असा की मातीचे भले करतात ते पाकिटातील विशिष्ट जीव. हा दावा तपासायचा कसा? नुसते कल्चर घातलेले आणि न घातलेले असे दोन वाफे करून भागत नाही, कारण कल्चरबरोबर कोंडा, गूळ, पाणी हेही पहिल्या वाफ्यात जाते. पीक चांगले आले तर श्रेय कोणाचे, जीवाणूंचे की कोंड्याचे? त्यासाठी तिसरा वाफा हवा: त्याच कल्चरचा, पण आधी उकळून निर्जीव केलेल्या. स्वित्झर्लंडमध्ये झुरिच येथे २००३ ते २००६ अशी चार वर्षे संशोधकांनी शेतावर नेमके हेच केले. जिवंत मिश्रण आणि निर्जंतुक केलेले मिश्रण शेजारी शेजारी वापरले. पिकावर आणि मातीवर जो परिणाम दिसला तो बोकाशीच्या मालाचा होता, मिश्रणातील जिवंत सूक्ष्मजीवांचा वेगळा परिणाम दिसला नाही. हे निष्कर्ष थंड हवामानातील शेताचे आहेत. ते सोलापूर जिल्ह्याला जसेच्या तसे लावणे हीही घाई होईल. परंतु पाकिटावर काहीही छापण्याआधी असा प्रयोग इथे करून दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची आहे.

खरे तर स्वयंपाकघरातच याचे अर्धे उत्तर आहे. दुधाला विरजण लागते, कारण दूध आपण तापवतो आणि त्यातले जीवाणू मारून टाकतो. इडलीच्या पिठाला कोणी विरजण लावत नाही. डाळ-तांदळावर जे जीव मुळातच असतात तेच पीठ फुगवतात. कोबीच्या पानावर, काकडीच्या सालीवर, गाजराच्या शेंड्यावरही लॅक्टिक जीवाणू असतातच. साली बारीक चिरल्या, दाबून हवा काढली आणि झाकण घट्ट लावले, तर बहुतेक वेळा बादली आपोआप आंबते. कल्चरने सुरुवात लवकर आणि खात्रीची होते, एवढे त्याचे श्रेय मान्य करावे. पण तेवढी मदत आदल्या बादलीतले वाटीभर पाणी किंवा थोडे आंबट ताकही करू शकेल.

करकंबचे प्रश्न करकंबचे

एखादी पद्धत चांगली की वाईट हे जागेवरही ठरते. जपानमध्ये भाताचा कोंडा मुबलक. करकंबात कोंडा आणि चुनी ही म्हशीची वैरण आहे. उत्तम पशुखाद्य विकत घेऊन कचऱ्यावर शिंपडणे हे व्यवहारात बसत नाही. आणि कचऱ्याचे तरी काय? शिळी भाकरी शेळीला जाते, भाज्यांची देठे गाईला, खरकट्यातले कण कोंबड्यांना. जनावराच्या पोटातून जाऊन शेण होणे ही सर्वात जुनी आणि सर्वात चांगली पद्धत आहे. बादली शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर उपयोगी आहे. दारात जनावर असलेल्या घरी तिच्या वाट्याला कांद्याची टरफले, लिंबाच्या साली, चहाचा चोथा आणि अंड्यांची कवचे यांपलीकडे फारसे उरू नये.

दुसरा मुद्दा मिठाचा. करकंबची बाजार आमटी तिकडे नावाजलेली आहे. उरलेली आमटी, लोणच्याचा खार, भाजीचा रस्सा हे सारे बादलीत जाते, कारण बंद बादलीत शिजलेले अन्नही चालते अशी तिची ख्याती आहे. चालते हे खरे, पण मीठ आंबत नाही, सडत नाही आणि कुजतही नाही. आमटीत एक टक्का मीठ धरले तर लिटरभर आमटीत दहा ग्रॅम होते. आठवड्याला एक लिटर या हिशेबाने वर्षाला अर्धा किलो मीठ त्या चार कुंड्यांत जाईल. धो धो पाऊस पडणाऱ्या कोकणात ते धुपून जाईल. सोलापूर जिल्ह्याच्या कमी पावसात ते तिथेच राहते. उजनीच्या कालव्यांखालील भारी काळ्या जमिनी अतिपाण्याने खारवण्याचा धोका आपण जाणतो. मग कुंडीत तोच प्रयोग कशाला? तोटीतून काढलेले पाणीही आम्लयुक्त व क्षारयुक्त असते. ते शंभरपट पाणी मिसळल्याशिवाय झाडाला घालू नये.

तिसरा दावा आम्ही पुष्कळदा ऐकतो: आंबट खताने आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीचा सामू उतरतो. हाही हिशेबाने पाहू. १५ किलो मालाच्या बादलीत एक टक्का लॅक्टिक आम्ल धरले तर ते १५० ग्रॅम होते. १०० ग्रॅम चुनखडी १८० ग्रॅम लॅक्टिक आम्ल निष्प्रभ करते. दहा किलो मातीच्या कुंडीत चुनखडी फक्त एक टक्का असली तरी ती १०० ग्रॅम झाली. म्हणजे अख्खी बादली एका कुंडीत ओतली तरी सारे आम्ल त्या एका टक्क्यातच संपते. आणि काळ्या जमिनीत चुनखडी याहून कितीतरी अधिक असू शकते. शेतातील चुनखडीच्या खड्यावर लिंबू पिळून बुडबुडे दाखवा, मुले हा हिशेब विसरणार नाहीत.

मग मिळते काय?

एवढी टीका केल्यावर बादलीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तिच्यामुळे माशा होत नाहीत, घाण वास येत नाही, नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जात नाही आणि कचरा आठवडाभर घरात ठेवता येतो. ज्या घरी रोज परसात जाणे होत नाही, तिथे हे लहान काम नाही.

कार्बन वाचतो असेही सांगतात. बादलीत तो वाचतो हे वर आलेच आहे, पण मातीत गेल्यावर तिथले जीवाणू तो खातात आणि त्यातला बराचसा श्वासावाटे सोडतात. हा तोटा समजावा का? डॉ. आनंद कर्वे यांनी वारंवार मांडलेला मुद्दा येथे आठवतो. कंपोस्ट करताना पदार्थातील ऊर्जा ढिगातले जीवाणू संपवतात, तीच ऊर्जा मातीतल्या जीवाणूंना का मिळू नये, असे ते विचारतात. त्यांच्या पुण्यातील संस्थेला खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी २००६ साली ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. शेणाऐवजी पिठूळ आणि गोड पदार्थांत किती ऊर्जा असते, हे त्या संयंत्राने दाखवून दिले. या दृष्टीने पाहिले तर बादलीतले लोणचे हे खत नसून मातीतल्या जीवांची शिदोरी आहे. असे म्हटले तर आमची हरकत नाही. उलट, हे वर्णन अधिक खरे आहे. मात्र शिदोरी खाऊन होईपर्यंत, म्हणजे निदान दोन-तीन आठवडे, त्या जागी बी पेरू नये.

आणि परिमाणाचे भान ठेवावे. पाच माणसांच्या घरात रोज अर्धा किलो ओला कचरा धरू. महिन्याला १५ किलो झाला. त्यात तीन चतुर्थांश पाणी धरले तर कोरडा माल पावणेचार किलो उरतो. त्यात दोन टक्के नत्र धरले तर ते ७५ ग्रॅम झाले. सुमारे १६० ग्रॅम युरियात तेवढे नत्र असते. महिनाभराच्या कचऱ्यातून मिळणारे पोषण ते एवढेच. कचऱ्याचे खरे मोल नत्रात नसून, माती भुसभुशीत ठेवणाऱ्या आणि पाणी धरणाऱ्या सेंद्रिय पदार्थात आहे. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या आणि सेंद्रिय कर्बाने गरीब असलेल्या मातीला ते हवेच आहे. परंतु परिसरात उसाचे पाचट जाळले जात असताना फक्त बादलीचे गोडवे गाणे हे प्रमाणाचे भान सुटल्याचे लक्षण होय.

वर्गणी नको, प्रयोग हवा

आता दुसरा प्रश्न. आम्ही त्या शिक्षिकांना सांगितले ते असे: वर्गणी काढू नका. त्यांच्या घरी एक पाकीट होतेच, त्यावरच वर्गाचा प्रयोग होईल.

एकाच दिवसाचा, बारीक चिरलेला, मिठाविना कचरा घ्यावा. त्याचे सारखे तीन वाटे करून झाकणाच्या तीन डब्यांत भरावे. पहिल्यात पाकिटातले कल्चर घालावे. दुसऱ्यात तेवढेच कल्चर, पण पाण्यात पंधरा मिनिटे उकळून थंड केलेले. तिसऱ्यात नुसते पाणी. पाण्याचे माप तिन्हींत सारखे ठेवावे. प्रत्येक डब्यात दररोज दोन गोष्टी पाहाव्यात: वास आणि आंबटपणा. आंबटपणासाठी दर्शक कागद नसेल तर जास्वंदीच्या पाकळ्या चोळलेला कागद वापरावा, तो आम्लात लालसर होतो. चौथा वाटा भोके पाडलेल्या डब्यात कोरडा पालापाचोळा मिसळून ठेवावा आणि दर तीन दिवसांनी हलवावा.

दोन आठवड्यांनी प्रत्येक डब्यातील सारख्या वजनाचा माल सारख्या मातीत मिसळावा. प्रत्येकाच्या तीन-तीन कुंड्या कराव्यात, शिवाय तीन नुसत्या मातीच्या. एका कुंडीवरून निष्कर्ष काढू नये, ती उंदराने उकरली असेल. आणखी तीन आठवडे थांबून सगळीकडे मेथीचे मोजून वीस-वीस दाणे पेरावेत. किती उगवले आणि महिन्याने किती वजन भरले, हे कुंडीवर चिठ्ठी न लावता, फक्त क्रमांक घालून दुसऱ्या वर्गाच्या मुलांकडून मोजून घ्यावे. मोजणाऱ्याला कोणती कुंडी कशाची हे ठाऊक नसावे.

उकळलेल्या कल्चरची मेथी जिवंत कल्चरइतकीच आली, तर पुढच्या वर्षी पाकीट नको. जिवंत कल्चरची खरोखर अधिक आली, तर आमचे म्हणणे तेवढ्यापुरते खोडले गेले असे समजावे. दोन्ही प्रसंगी मुले जे शिकतील ते कोणत्याही पाकिटावर छापलेले नसते. दावा ऐकला की 'उकळून पाहिलेत का?' असे विचारायचे.

निघताना त्या शिक्षिकांनी बादलीतला माल परसातल्या लिंबाच्या झाडापासून हातभर अंतरावर खड्डा करून पुरला आणि वर माती ओढली. बादली धुऊन पुन्हा भिंतीशी ठेवली. पाकीट मात्र उचलून शाळेच्या पिशवीत घातले.